शोक कोणाचा? : सॅलिंजरच्या एका लघुकथेविषयी

आपल्या साहित्यशास्त्रकारांनी विरहाची वर्गवारी फार बारकाईने करून ठेविली आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले, आणि त्यांतील शेवटच्या प्रकाराची मर्यादाही आखून दिली. प्रेमी जनांपैकी एक मृत्यू पावले, परंतु पुनर्भेटीची आशा उरली असेल, तरच तो करुणविप्रलंभ. ती आशा नसेल तर तेथे शृंगार संपला आणि निखळ करुणरसाचा प्रांत सुरू झाला. 'कादंबरी'तील महाश्वेता ही या भेदाची साक्ष होय. पुंडरीक गेला तेव्हा ती देहत्यागास सिद्ध झालीच होती. परंतु पुन्हा भेट होईल असे दिव्य आश्वासन मिळाले, म्हणून ती अच्छोद सरोवराच्या काठी वीणा घेऊन तप करीत राहिली. म्हणजे प्रियकर गेल्यावर स्त्रीपुढे दोनच मार्ग आहेत असे या काव्यसृष्टीत गृहीत धरलेले असते. एक चितेचा आणि दुसरा आश्वासनाचा. पण जिला आश्वासनही मिळाले नाही आणि जी मेलीही नाही, जिने दुसऱ्याशी लग्न केले, जिला एक मुलगी आहे, घर आहे, मोलकरीण आहे, दाराशी मोटार आहे, तिच्या विरहास काय म्हणावयाचे? शास्त्रकारांना हा प्रश्न पडला नाही. आमच्या काळातील लघुकथेला मात्र तो वारंवार पडतो, आणि त्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत कठोर उत्तर एका अमेरिकन लेखकाच्या छोट्याशा कथेत आहे.

जे. डी. सॅलिंजर यांची 'अंकल विगिली इन कनेक्टिकट' ही कथा 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाच्या २० मार्च १९४८ च्या अंकात प्रसिद्ध झाली आणि पुढे १९५३ साली 'नाइन स्टोरीज' या संग्रहात समाविष्ट झाली. सॅलिंजरचे नाव आपल्याकडील इंग्रजी वाचकांस १९५१ च्या 'द कॅचर इन द राय' या कादंबरीमुळे परिचित आहे. त्या कादंबरीच्या गाजावाज्याखाली ही कथा काहीशी दबून गेली. माझ्या मते गुणांत ती कादंबरीहून उणी नाही, आणि संयमात तर अधिकच आहे.

कथेचा काळ एका थंडीच्या दिवसाची दुपार आणि संध्याकाळ एवढाच. स्थळ कनेक्टिकटमधील एक घर. एलोइज ही घरधनीण. तिची महाविद्यालयातील जुनी मैत्रीण मेरी जेन न्यूयॉर्कमध्ये नोकरी करते. ती वाट चुकत चुकत जेवणाच्या वेळेनंतर या घरी येऊन पोचते. दोघींनीही शिक्षण अर्धवट सोडलेले, दोघींनीही १९४२ साली, आणि दोघींच्याही बाबतीत कारण एक सैनिक. एलोइज वसतिगृहाच्या लिफ्टमध्ये एका सैनिकाबरोबर सापडली. मेरी जेनने हवाई दलातील एका उमेदवाराशी लग्न केले, आणि त्या लग्नाच्या तीन महिन्यांपैकी दोन महिने तिचा नवरा तुरुंगात होता. ही हकीकत लेखक एका परिच्छेदात, अगदी कोरड्या सुरात उरकतो. नंतर बाहेर बर्फ गोठत असताना दोघी बैठकीत पडून मद्य पितात आणि जुन्या मुलींची नावे काढीत बसतात. एलोइजची लहान मुलगी रमोना बाहेरून येते. तिला जाड भिंगांचा चष्मा आहे आणि जिमी जिमरीनो नावाचा एक सवंगडी आहे. त्याचे डोळे हिरवे, केस काळे, त्याच्यापाशी तलवार आहे, त्याला आईबाप नाहीत, आणि तो रमोनाखेरीज कोणालाही दिसत नाही. तो तिच्याबरोबर जेवतो आणि रात्री तिच्या बिछान्यात निजतो, म्हणून ती स्वतः कडेला सरकून त्याला जागा करून देते.

मुलगी पुन्हा खेळावयास गेल्यावर, पेल्यांमागून पेले रिकामे झाल्यावर, एलोइज वॉल्टविषयी बोलू लागते. वॉल्ट हा तिचा तरुणपणचा प्रियकर. एकदा बस गाठण्यासाठी दोघे धावत असता ती पडली आणि तिचा घोटा मुरगळला. तेव्हा त्याने त्या घोट्याला अंकल विगिलीचे नाव देऊन त्याची कीव केली. येथे मराठी वाचकांसाठी थोडा खुलासा हवा. हॉवर्ड गॅरिस या लेखकाने १९१० पासून वृत्तपत्रात लिहिलेल्या बालकथांचा नायक विगिलीकाका हा संधिवाताने लंगडणारा एक म्हातारा ससा आहे. अमेरिकेतील त्या पिढीचे प्रत्येक मूल त्याच्या गोष्टी ऐकत वाढले. इंग्रजीत घोट्याचा 'अँकल' आणि काकाचा 'अंकल' कानाला किती जवळचे आहेत हे सांगावयास नको. विनोद म्हणावा तर एवढाच. पण दुखऱ्या पायाची थट्टाही व्हावी आणि त्याला मायाही मिळावी, अशी ती एका क्षणाची करामत आहे, आणि एलोइजने ती जपून ठेविली आहे.

वॉल्टचे आणखी दोन प्रसंग ती सांगते. सैन्यात आपलीही बढती होत आहे, पण इतरांच्या उलट दिशेने, असे तो म्हणे. इतरांच्या बाहीवर फिती चढतात, आपल्या बाह्याच काढून घेतील, आणि सेनापती होईपर्यंत आपण पुरते नागवे झालेलो असू, असा त्याचा हिशेब. दुसरा प्रसंग आगगाडीतला आहे. तो तिच्या पोटावर हात ठेवून बसला होता आणि एकाएकी म्हणाला की हे इतके सुंदर आहे की कोणी अधिकाऱ्याने येऊन आपल्याला दुसरा हात खिडकीच्या काचेत घालण्याचा हुकूम करावा, म्हणजे न्याय होईल. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. सुखाची किंमत कोणीतरी भरली पाहिजे आणि ती आपणच भरावी, ही भावना भारतीय वाचकाला परकी नाही. वॉल्टला सुखाची लाज वाटत नाही, पण सुख फुकटचे आहे हे तो विसरू शकत नाही. अशा माणसाला लेखकाने मृत्यू कसा दिला? रणांगणावर नव्हे. त्याची पलटण दोन लढायांच्या मधल्या विश्रांतीत होती. कोणा कर्नलला एक लहानसा जपानी स्टोव्ह घरी पाठवावयाचा होता, तो वॉल्ट आणि त्याचा सोबती बांधीत होते. स्टोव्हमध्ये पेट्रोल राहिलेले होते. तो हातातच फुटला.

वीरमरणाला जी एक भाषा असते, स्मारक असते, निदान शेजाऱ्यांची सहानुभूती असते, तिच्यापैकी या मृत्यूच्या वाट्याला काहीही येऊ शकत नाही. एका अधिकाऱ्याच्या लहरीसाठी खोक्यात बांधावयाची वस्तू फुटली आणि माणूस गेला. एलोइजला ही गोष्ट नवऱ्यापाशी उच्चारता येत नाही. उच्चारली तर तो आधी त्या मुलाचा हुद्दा काय होता हे विचारील अशी तिची खात्री आहे. ज्याने हुद्द्याची थट्टा करीत आयुष्य काढले त्याच्याविषयी हा प्रश्न! लेखक स्वतः ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकांपैकी होता आणि त्यानंतरच्या भीषण लढायांतून गेला होता. तरी या कथेत त्याने तोफेचा एक आवाजही ऐकू येऊ दिलेला नाही. युद्ध म्हणजे एक फुटलेला स्टोव्ह. त्यापेक्षा कडवट युद्धवर्णन मी फार थोडी वाचली आहेत.

आता या कथेविषयी जे सामान्यतः बोलले जाते त्याकडे वळू. युद्धानंतरच्या अमेरिकन उपनगरातील सुखवस्तू, पोकळ जीवनाचे हे चित्र आहे, आणि त्या पोकळीत कोंडलेल्या स्त्रीला गेलेल्या प्रेमाची आठवण छळते, असा एकंदर अभिप्राय आढळतो. यात तथ्य नाही असे नाही. १९४४ च्या कायद्याने परत आलेल्या सैनिकांस शिक्षणाची आणि घरबांधणीच्या कर्जाची सोय झाली. १९४७ पासून लाँग आयलंडवरील बटाट्याच्या शेतांत लेव्हिटटाउन उभे राहू लागले, आणि चार वर्षांत तेथे सतरा हजारांहून अधिक एकसारखी घरे झाली. कनेक्टिकटचा प्रकार याहून जुना आणि श्रीमंती. तेथील पुरुष सकाळच्या गाडीने न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात जात, संध्याकाळी परत येत, आणि बायका मोटार घेऊन स्थानकावर त्यांना आणावयास जात. १९३८ ते १९४० च्या दरम्यान पुरा झालेला मेरिट पार्कवे हा रस्ता या वस्तीची जणू धमनी. कथेच्या पहिल्याच ओळींत मेरी जेन या रस्त्याचे नाव चुकते आणि एलोइज ते दुरुस्त करते. कनेक्टिकटच्या रस्त्याला पाहुणी जे नाव देते ते लाँग आयलंडवरचे, म्हणजे भलत्याच उपनगराचे. उपनगरे कशी एकमेकांत मिसळून जातात हे दाखविण्यास एवढी चूक पुरेशी आहे.

परंतु कथेचा दोष उपनगराच्या माथी मारून मोकळे होणे हे मला सोपे आणि म्हणूनच संशयास्पद वाटते. घराने एलोइजचे काय वाईट केले? नवरा ल्यू याने तरी काय केले? त्याचे अपराध तिच्याच तोंडून ऐकावे. लग्नापूर्वी त्याने आपल्याला जेन ऑस्टेन फार आवडते असे सांगितले, आणि लग्नानंतर कळले की त्याने तिची एकही कादंबरी वाचलेली नाही. त्याचा खरा आवडता लेखक कोणी वेगळाच, ज्याने अलास्कात उपासमारीने मेलेल्या चार माणसांवर पुस्तक लिहिले आहे. आणि ते पुस्तक आवडण्याचे खरे कारण न सांगता तो त्याच्या भाषेची स्तुती करतो. आयुष्यभर इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या माणसाला येथे हसू आवरणे कठीण जाते. ऑस्टेनच्या बाबतीत असे खोटे बोलणारे सभ्य गृहस्थ मला डझनांनी भेटले आहेत, आणि त्यांतील बहुतेक चांगले पती होते. ल्यू कथेत एकदाही आपल्यासमोर येत नाही. त्याचा आवाजही आपल्याला ऐकू येत नाही, कारण दूरध्वनीवरील संभाषणाची एलोइजकडील बाजूच तेवढी लेखक आपल्याला ऐकवितो. खटला एकतर्फी आहे, आणि तो एकतर्फी आहे हे वाचकाच्या ध्यानात यावे अशीच लेखकाची योजना दिसते.

मग या कथेत खरोखर हरवले आहे ते काय? उत्तरासाठी संध्याकाळचे तीन प्रसंग पाहावे लागतील.

मध्यंतरी रमोना बाहेरून परत येऊन सांगते की जिमी मोटारीखाली सापडून मेला. प्रौढ माणसे या बातमीकडे लक्ष देत नाहीत. अंधार पडतो, मेरी जेन कोचावर झोपून जाते. इतक्यात ल्यूचा दूरध्वनी येतो. रस्ते निसरडे, त्याला न्यावयास कोणीतरी यावे. एलोइज सबबी सांगते, आणि वर सुनावते की स्थानकावरच्या तुम्ही साऱ्या पुरुषांनी एक तुकडी करावी आणि कवायत करीत घरी यावे. हा विनोद कोणाचा? सैन्याची थट्टा हा वॉल्टचा विषय होता. त्याच्या तोंडी ती थट्टा स्वतःवर होती आणि म्हणून निर्मळ होती. तिच्या तोंडी ती दुसऱ्यावर आहे आणि विषारी आहे. प्रियकराची भाषा तिने वारसाहक्काने घेतली, पण त्यातली माया मागे राहिली. ही गोष्ट लेखक कोठेही बोलून दाखवीत नाही.

दुसरा प्रसंग अवघ्या काही ओळींचा आहे आणि पुष्कळ वाचक तो ओलांडून पुढे जातात. मोलकरीण ग्रेस ही कृष्णवर्णीय. दिवसा स्वयंपाकघरात बसून ती ख्रिस्ताच्या वस्त्राविषयीची 'द रोब' ही त्या वेळची लोकप्रिय कादंबरी वाचते, म्हणून एलोइज तिची टवाळी करते. ग्रेस विचारते की माझा नवरा आला आहे, हवा फार वाईट आहे, त्याला सकाळपर्यंत न्यूयॉर्कला परतावयाचे नाही, तर रात्रीपुरता माझ्या खोलीत राहिला तर चालेल काय? एलोइज नाही म्हणते. मी खानावळ चालवीत नाही, अशा अर्थाचे काहीतरी तिच्या तोंडून निघते. ज्या बाईच्या दुःखाने आपण गेले तासभर विव्हळ झालो आहो, ती एका दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला हिमवृष्टीत बाहेर घालविते. एका नवऱ्याला तिने स्थानकावर अडकवून ठेविले, दुसऱ्याला दाराबाहेर काढले. ज्या काळात लेव्हिटटाउनच्या भाडेपट्ट्यांत गोऱ्यांखेरीज इतरांना राहण्यास बंदीचे कलम असे, त्या काळातील एका गोऱ्या बाईला हे उत्तर देताना क्षणाचाही विचार करावा लागत नाही. एलोइजवर ज्यांना केवळ कीव करावयाची आहे त्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. लेखकाने तो अनवधानाने घातलेला नाही.

तिसरा प्रसंग मुलीच्या खोलीतला. एलोइज वर जाते, दिवा लावते, तर रमोना बिछान्याच्या अगदी कडेला निजलेली. जिमी तर दुपारीच मेला, मग ही जागा कोणासाठी? मुलगी सांगते, मिकी मिकरानोसाठी. म्हणजे एक गेला आणि त्याच रात्री दुसरा आला. यावर एलोइज किंचाळते, आणि मुलीचे घोटे धरून तिला बिछान्याच्या मध्यभागी ओढते. घोटे धरून! ज्या अवयवावर एका माणसाने प्रेमाचा विनोद केला, तोच आता तिच्या मुठीत आहे, पण मूठ निराळी आहे. मुलगी झटापट करीत नाही आणि रडतही नाही. ती निमूटपणे स्वाधीन होत नाही एवढेच.

येथे एलोइजला नेमका कशाचा राग आला याबद्दल वाचकांत मतभेद होतात. मुलीचा खोटेपणा सहन झाला नाही असे म्हणणे फारच उथळ. आपण ज्या मृताला सोडू शकलो नाही, तसा मृत या मुलीने तासाभरात सोडून दुसरा आणला, याचा मत्सर, हे उत्तर अधिक चांगले. पण मला आणखी एक शक्यता दिसते. रमोनाने केले तेच एलोइजनेही केले होते. वॉल्ट गेला आणि ल्यू आला, जागा रिकामी राहिली नाही. फरक एवढाच की मुलगी स्वतः कडेला सरकून नव्या पाहुण्यास जागा देते, आणि आईने नव्या पाहुण्यास कधीच जागा दिली नाही. मुलीचा चेहरा आपल्यासारखा नसून नवऱ्यासारखा आणि सासूसारखा आहे अशी तिची तक्रार असते. स्वतःसारखा दिसणारा एखादा कुत्रा तरी मिळावा असे ती दुपारी थट्टेने म्हणते. या घरात ती आपली प्रतिमा शोधीत आहे, आणि ती तिला कोठेही सापडत नाही.

दिवा मालवून ती दारात बराच वेळ उभी राहते. मग अंधारातच धावत जाऊन, पलंगाला गुडघा आपटला तरी त्याची शुद्ध नसताना, उशाजवळचा मुलीचा चष्मा उचलते, दोन्ही हातांनी गालाशी घट्ट धरते, आणि रडत रडत त्या म्हाताऱ्या सशाच्या नावाने तीच जुनी कीव पुनःपुन्हा उच्चारते. कोणाची ही कीव? वॉल्टची म्हणावी तर वॉल्टने ते शब्द स्वतःसाठी कधीच वापरले नव्हते. ते तिच्या घोट्यासाठी होते. आज ती ते शब्द मुलीच्या चष्म्याशी बोलते. दुसऱ्याच्या दुखऱ्या जागी मायेने हात ठेवण्याची जी शक्ती वॉल्टपाशी होती, ती इतक्या वर्षांत प्रथमच, अपघाताने, तिच्या हाती येते. पण मुलीजवळ नव्हे, मुलीच्या चष्म्याजवळ. मग ती चष्मा परत ठेविते तो भिंगे खाली करून. आणि वाकून पांघरूण नीट करते तेव्हा तिला कळते की मुलगी जागी आहे, आणि तीही रडते आहे, केव्हापासून कोण जाणे.

सामान्य लेखकाने कथा येथेच संपविली असती. मायलेकींची आसवे मिसळली, पडदा पडला. सॅलिंजर तसे करीत नाही. एलोइज खाली येते, मैत्रिणीला हलवून उठविते, आणि एक विलक्षण प्रश्न विचारते. पहिल्या वर्षी मी आमच्या गावाकडे घेतलेला एक तपकिरी-पिवळा पोशाख घातला होता, तो आठवतो का? न्यूयॉर्कमध्ये असले कोणी घालीत नाही असे एका मुलीने मला सांगितले आणि मी रात्रभर रडले, ते आठवते का? मी तेव्हा चांगली मुलगी होते ना?

ध्यानात घ्या, या प्रश्नात वॉल्ट नाही. हा पोशाख दूरच्या आयडाहोतील बॉइसी गावचा आहे, आणि तो वॉल्टच्या पूर्वीचा आहे. कथाभर आपण समजत होतो की ही बाई एका मृत पुरुषासाठी शोक करीत आहे. शेवटच्या ओळीत कळते की तिचा शोक आहे तो लहान गावातून आलेल्या, एका टोमण्याने रात्रभर रडू शकणाऱ्या एका मुलीसाठी. वॉल्टचे महत्त्व एवढेच की त्या मुलीला ओळखणारा तो शेवटचा माणूस होता. तो गेला तेव्हा तिच्या चांगुलपणाचा साक्षीदार गेला. ल्यूने तिला त्यानंतर पाहिले. त्याला ती मुलगी माहीतच नाही. आणि ग्रेसच्या नवऱ्याला बाहेर घालविताना, मुलीचे घोटे ओढताना, एलोइजलाही ती माहीत नसते. विश्वनाथाच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा शोक करुण खरा, पण त्याचा आलंबनविभाव प्रियकर नसून शोक करणारी स्वतःच आहे. असा शोक आपल्या शास्त्रात कोठे बसवावा हे मला ठरविता येत नाही, आणि ठरविण्याची घाईही नाही.

माझ्या या वाचनास एक अनपेक्षित साक्ष मिळते ती चित्रपटाची. १९४९ साली या कथेवरून 'माय फूलिश हार्ट' नावाचा चित्रपट निघाला. दिग्दर्शक मार्क रॉब्सन, नायिका सुझन हेवर्ड, नायक डॅना अँड्रूज. हेवर्डला त्या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकनही मिळाले. पटकथाकारांनी गेलेल्या प्रेमाला पडद्यावर आणून त्याचीच कथा केली, आणि रमोना ही वॉल्टचीच मुलगी ठरविली. कथेत याला आधार नाही. उलट मुलगी ल्यूसारखी दिसते अशी आईची तक्रार आहे. पण चित्रपटाला ते आवश्यक होते, कारण त्यायोगे नायिकेचे सर्व वागणे क्षम्य होते. तिच्याजवळ प्रेमाचे रहस्य आहे, म्हणून तिचे दुर्वर्तन दुःखाचे लक्षण ठरते. कथेने जे नाकारले तेच चित्रपटाने देऊ केले. सॅलिंजरने त्यानंतर आपल्या कोणत्याही लेखनावर हॉलिवूडला चित्रपट काढू दिला नाही, आणि २०१० साली मृत्यू येईपर्यंत तो या निश्चयापासून ढळला नाही. लोक यास त्याचा विक्षिप्तपणा म्हणत. मला तो समजूतदारपणा वाटतो.

कथेत उणिवा नाहीत असे नाही. पहिला तिसरा भाग जुन्या मैत्रिणींच्या नावांत आणि कुचेष्टेत इतका रेंगाळतो की परक्या देशातील वाचकाचा धीर सुटण्याचा संभव आहे. वॉल्ट जरा जास्तच मोहक आहे. तो सांगितला जातो, दिसत नाही, म्हणून त्याला एकही चूक करावी लागत नाही. पुढे १९५५ नंतरच्या कथांतून लेखकाने त्याला आपल्या लाडक्या ग्लास कुटुंबातील एक भाऊ म्हणून पक्के केले, आणि त्या कुटुंबावरील लेखकाचे प्रेम अखेरीस त्याच्या कलेला जड झाले. त्या प्रेमाची पहिली छटा येथे दिसते. आणि ग्रेस? तिच्या प्रसंगाला मी इतके महत्त्व दिले, पण खुद्द लेखकाने तिला चार ओळी आणि एक विशिष्ट बोली यांपलीकडे काही दिले नाही. तिचा नवरा स्वयंपाकघरात बसून आहे एवढेच आपल्याला कळते. एलोइजने त्याला दाराबाहेर घालविले, आणि लेखकानेही त्याला कथेच्या आत फारसे घेतले नाही.

तंत्राबद्दल दोन शब्द. आपल्याकडे कथेच्या गुंफणीचा जो विचार प्रा. फडके यांच्या पिढीने रूढ केला, त्याच्या मापाने ही कथा जवळजवळ कथाच नव्हे. संघर्ष कोणाशी, उत्कर्षबिंदू कोणता, उकल कोठे, यांपैकी काहीच बोट ठेवून दाखविता येत नाही. आणि तरीही मुरगळलेल्या घोट्यापासून ओढलेल्या घोट्यापर्यंत एक अखंड दोरा आहे. तो लेखकाने ओढून दाखविलेला नाही, वाचकाने चाचपून घ्यावयाचा आहे. याच सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले प्रभृती आपले नवकथाकार घटनांऐवजी मनाच्या हालचालींवर कथा उभी करू लागले होते. एकाने दुसऱ्याचे पाहिले असे म्हणण्यास आधार नाही. पण 'यात घडले काय?' असा प्रश्न त्या काळी दोन्हीकडच्या वाचकांनी विचारला असणार.

एका गोष्टीकडे मात्र मी विद्यार्थ्यांचे लक्ष नेहमी वेधतो. शेवटचा प्रश्न विचारला जातो आणि कथा थांबते. मेरी जेनचे उत्तर लेखक देत नाही. पण मेरी जेनची अवस्था काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे. ती दुपारपासून पीत होती, तिला झोपेतून नुकतेच हलवून उठविले आहे, आणि त्या पिवळ्या पोशाखाची आठवण तिला आहे की नाही याचा कथेत कोठेही पुरावा नाही.